जुन्या पिकअपचा तोच स्क्रू पुन्हा पुन्हा घसरतो, पुन्हा पुन्हा सैल होतो: ओळखायचा कसा, बदलायचा कसा

जुन्या पिकअपवर काम करणाऱ्यांच्या दोन तक्रारी सारख्या कानावर येतात. पहिली अशी की स्क्रूच्या डोक्यात हाताशी असलेला एकही ड्रायव्हर नीट बसत नाही आणि जरा जोर लावला की खाच गोल होते. दुसरी तक्रार जास्त त्रासदायक. जुना स्क्रू कसाबसा निघाला, त्याच्यासारखाच दिसणारा नवा लावला, पण थोड्याच दिवसांत तो सैल झाला. आवळला, परत सैल. टेललाइटची काच, दाराचं आतलं पॅनल, हेडलाइटभोवतीची कडी, दाराचा स्ट्रायकर (दार बंद होताना लॅच ज्यात अडकतो तो खुंटा) या त्याच्या ठरलेल्या जागा.

दोन्हींचं मूळ एकच आहे. आपण स्क्रूकडे फक्त वरून बघतो. डोक्यातली खाच एवढंच सांगते की ड्रायव्हर कोणता घ्यायचा. नवा स्क्रू कोणता आणायचा ते आटे सांगतात, टोक सांगतं, डोक्याखालचा उतार सांगतो. एकाच गाडीवर हुबेहूब सारख्या डोक्यांचे पण आट्यांनी निराळे स्क्रू शेजारी शेजारी असू शकतात, आणि विशेषतः १९७०च्या दशकापासूनच्या अमेरिकी पिकअपवर ते असतातच. म्हणून खाच आणि आटे हे दोन प्रश्न वेगळे धरा आणि वेगळे सोडवा.

आधी खाच साफ करा, मग नाव द्या

पन्नास-साठ वर्षांचा रंग, अंडरकोट, गंज आणि चिखल खाचेत बसलेला असतो. त्यामुळे चौकोनी खाच गोल दिसते, सहा पाकळ्यांची खाच षटकोनी वाटते. दाभणासारखं टोकदार काहीतरी घ्या, थोडं पेंट थिनर किंवा रिमूव्हर घ्या आणि तळ दिसेपर्यंत खाच कोरून काढा. दाराच्या बिजागरीचे स्क्रू बहुतेक वेळा कारखान्यातच बॉडीबरोबर रंगवलेले असतात, तिथे हे काम जरा चिवट आहे. पण स्क्रू घसरण्याच्या निम्म्या घटना इथेच टळतात, असं मी ठामपणे म्हणेन. खाच भरलेली असेल तर बरोबर मापाचा ड्रायव्हरसुद्धा अर्धाच आत जातो आणि वरच्या कडा खातो.

खाच साफ झाल्यावरही ओळख पटत नसेल तर मऊ पुट्टीचा गोळा दाबून तिचा ठसा घ्या. उलटा ठसा डोळ्यासमोर आला की बिटच्या टोकाशी थेट ताडून बघता येतो. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या स्क्रूसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आता कोणत्या गाडीवर काय सापडतं ते बघू.

शेवरोले आणि जीएमसीच्या १९४७ ते १९५५ दरम्यानच्या पिकअपवर, आणि त्याच्या थोडं आधीनंतरही, फुलपाखरासारखी किंवा बो-टायसारखी खाच दिसते. हा क्लच हेड स्क्रू. याचे दोन प्रकार आहेत. जुन्या 'ए' प्रकारात फुलपाखराच्या मध्यभागी गोल खळगा असतो. नंतरच्या 'जी' प्रकारात तो गोल नसतो, नुसते दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवल्यासारखे दिसतात. दोघांचे बिट वेगळे. अडचण अशी की दोन्ही प्रकारांत सपाट ड्रायव्हरचं पातं जातं, थोडं फिरतंही, म्हणून लोक तेच वापरतात. सैल स्क्रूला ते चालतं. गंजलेल्या स्क्रूला लावलंत तर पातं फक्त दोन कोपऱ्यांवर टेकतं आणि ते कोपरे निघून जातात. क्लच हेडचे बिट आजही मिळतात. खाचेची रुंदी कॅलिपरने मोजा आणि माप ठरवा. ५/३२, ३/१६ आणि १/४ इंच ही नेहमी लागणारी मापं.

फिलिप्स, म्हणजे अधिक चिन्हासारखी खाच, १९३६ साली कॅडिलॅकच्या जुळणीत आली आणि तिथून सगळ्या वाहन उद्योगात पसरली. तिच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर ढकलला जातो. हा तिचा स्वभावच आहे. म्हणून माप चुकवून चालत नाही. सर्वांच्या पेटीत दोन नंबरचा ड्रायव्हर असतो आणि तो तीन नंबरच्या खाचेतही जातो, पण बसत नाही. बिजागरीचे मोठे स्क्रू तीन किंवा चार नंबरचे असतात. बरोबर मापाचा बिट खाचेत उभा ठेवला की हात सोडल्यावरही सरळ उभा राहतो आणि डावीकडे-उजवीकडे हलवला तर खडखडत नाही. ही परीक्षा प्रत्येक स्क्रूवर करा, फक्त पहिल्यावर नको.

फिलिप्ससारखीच दिसणारी आणखी दोन भावंडं आहेत. एक रीड अँड प्रिन्स, जिला फ्रिअरसनही म्हणतात. तिची अधिक चिन्हासारखी खाच तळाशी अगदी टोकदार होते, फिलिप्सची बोथट असते. दुसरी जेआयएस, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाची खाच. जुनी डॅटसन, टोयोटा हायलक्स, माझदाची बी मालिका, या गाड्यांवर कार्बोरेटरपासून दिव्यांपर्यंत सगळीकडे हीच. वरून बघून फरक कळत नाही, पण फिलिप्सचं टोक या खाचेत भिंतींना पूर्ण टेकत नाही, म्हणून जरा घट्ट स्क्रू लगेच खाल्ला जातो. 'जपानी स्क्रू मऊ असतात' असा एक समज आहे. धातूला दोष देण्याआधी जेआयएस ड्रायव्हर वापरून बघा. जपानी पिकअपवर काम करणार असाल तर एक, दोन आणि तीन नंबरचे जेआयएस ड्रायव्हर आधी घ्या, बाकी हत्यारं मागाहून.

सहा पाकळ्यांचा टॉर्क्स १९६७ साली कॅमकार टेक्सट्रॉन कंपनीने काढला, आणि पुढे अमेरिकी पिकअपवर तो सर्रास आला. जीएमच्या १९८०च्या दशकातल्या ट्रकवर हेडलाइटच्या कडीला टी-१५, दाराच्या स्ट्रायकरला टी-५० ही नेहमीची मापं. टॉर्क्समध्ये चूक होते ती शेजारच्या मापांत. टी-२५ची रुंदी साधारण ४.४ मिमी, टी-२७ची ५ मिमी, टी-३०ची ५.५ मिमी. एक माप लहान बिट आत जातो, थोडा फिरतो आणि मग पाकळ्या सपाट करून टाकतो. स्ट्रायकरच्या बाबतीत तर टी-४५ आणि टी-५०च्या मध्ये टी-४७ नावाचं एक माप आहे, जे पुष्कळ बिटसंचांत नसतंच. टी-४५ डुलत असेल आणि टी-५० आत जात नसेल तर थांबा, टी-४७ मिळवा. ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी, ठोकून बसवू नका.

हेडलाइटपाशी एक सावधगिरी. सीलबंद दिव्याला कडी धरून ठेवणारे छोटे स्क्रू असतात आणि त्याशिवाय दिव्याची दिशा बदलणारे दोन ॲडजस्टिंग स्क्रू असतात, एक वरखाली, एक आडवा. ते लांब आणि स्प्रिंगजवळ असतात. त्यांना हात लावलात तर काच बदलून झाल्यावर प्रकाशझोत भलतीकडेच पडेल.

कॅनडात बनलेल्या जुन्या फोर्डवर चौकोनी रॉबर्टसन, फोक्सवॅगनच्या छोट्या पिकअपवर ॲक्सलच्या जोडाला बारा टोकांचा ट्रिपल स्क्वेअर, युरोपीय भागांवर फुलीच्या मधल्या बारीक रेघांनी ओळखता येणारा पोझिड्राइव्ह, हेही भेटतात. नियम तोच. टॉर्क्सचा बिट ट्रिपल स्क्वेअरमध्ये जातो असं वाटलं तरी घालू नका.

काढताना

थोडं थोडं भेदक तेल, म्हणजे गंजात झिरपणारं तेल, आदल्या दिवसापासून सोडत राहा. पॅनलच्या मागची बाजू गाठता येत असेल तर तिकडून सोडा, आट्यांपर्यंत लवकर पोहोचतं. मग ड्रायव्हर बसवून त्याच्या मागे हातोडीचे दोन-तीन टोले द्या. गंजाचा धर सुटतो आणि टोक तळाला घट्ट बसतं. पहिला झटका उजवीकडे, म्हणजे आवळायच्या दिशेने, अगदी किंचित. मग डावीकडे. स्क्रू हलला की एकदम बाहेर ओढू नका; पाव फेरा सोडा, परत थोडा आत, परत सोडा, मध्ये तेल.

इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे हातोडी मारली की आपोआप थोडा फिरणारा जाड ड्रायव्हर, या कामासाठी सर्वांत योग्य. प्रत्येक टोल्याला तो टोक आत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, त्यामुळे फिलिप्स वर निसटायला वेळच मिळत नाही. दिशा डावीकडे लावली आहे ना, ते मारण्याआधी बघा. पातळ पत्र्यावर किंवा प्लास्टिकच्या मागे आधार नसलेल्या जागी मात्र तो वापरू नका, पत्रा आत जाईल. तिथे टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून हाताने जोर द्या. पेस्टमधले कण पकड देतात.

उष्णतेने गंज सुटतो, पण ज्योत लावण्याआधी आजूबाजूला काय आहे ते पाहा. इंधनाची नळी, वायरिंग, रबर, कापडी अस्तर जवळ असेल तर ज्योत नको. जस्ताचा मुलामा असलेला भाग तापवला की निघणारा धूर आरोग्याला घातक. आणि क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर ज्योत कधीच नको, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. सोल्डरिंग गनने किंवा जाड सोल्डरिंग आयर्नने फक्त स्क्रूचं डोकं तापवणं हा पुष्कळदा पुरेसा आणि सुरक्षित मार्ग आहे.

डोकं पूर्ण गोल झालंच तर डाव्या दिशेने कापणारा ड्रिल बिट लावा. मध्यभागी पंच मारून ड्रिल करायला लागलं की बऱ्याच वेळा स्क्रू स्वतःच उलटा फिरून बाहेर येतो. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे स्क्रूत रुतवून उलटं फिरवायचं हत्यार, शेवटी. तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने कापला जात नाही आणि छोटी अडचण मोठी होते.

निघालेला स्क्रू, कितीही सडलेला असला तरी, टाकू नका. ज्या जागेचा आहे ते लिहून पिशवीत ठेवा. पुढची सगळी मापं त्याच्यावरून घ्यायची आहेत.

आटे मोजा: चूक बहुतेक इथे होते

वायर ब्रशने आटे स्वच्छ करा. कॅलिपरने बाहेरचा व्यास घ्या. मग दहा आट्यांचं अंतर मोजा, म्हणजे एका आट्याच्या शिखरापासून त्याच्यापुढच्या दहाव्या शिखरापर्यंत. दहाने भागलं की पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिळते. लांबी कमी असेल तर पाच आटे मोजा. थ्रेड गेज, म्हणजे आटे ताडून बघायची दातेरी पट्टी, असेल तर उत्तमच. मोजलेला व्यास नावातल्या व्यासापेक्षा नेहमी थोडा कमी भरतो, ते धरून चाला. एम ६चा बोल्ट, म्हणजे मेट्रिक मापात ६ मिमी व्यासाचा, ५.९ मिमीच्या आसपास भरेल.

अमेरिकी पिकअपवर पाव इंचापेक्षा बारीक स्क्रूंना नंबर असतात. हिशोब सोपा आहे: नंबरला ०.०१३ने गुणा आणि त्यात ०.०६० मिळवा, इंचात व्यास आला. ८ नंबर म्हणजे ०.१६४ इंच, साधारण ४.१७ मिमी. १० नंबर म्हणजे ०.१९० इंच, ४.८३ मिमी. नावातला पुढचा आकडा इंचामागे किती आटे ते सांगतो: ८-३२, १०-२४, १०-३२. त्यावर पाव इंची, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत दोन सुती, १/४-२० किंवा १/४-२८. अडीच सुती ५/१६-१८ किंवा ५/१६-२४.

आता फसवणाऱ्या जोड्या. यांच्यामुळेच 'नवा लावला तरी सैल' होतं.

१०-३२ची पिच ०.७९४ मिमी आणि एम ५ची ०.८ मिमी. दहा आटे मोजलेत तर ७.९४ आणि ८.००, म्हणजे गंजलेल्या स्क्रूवर फरक दिसणारच नाही. इथे व्यासच खरं सांगतो. एम ५चा स्क्रू १०-३२च्या नटात थोडा घट्ट जातो, आपल्याला वाटतं छान बसला, आणि आत नटाचे आटे सोलले जात असतात. उलट १०-३२चा स्क्रू एम ५च्या नटात सुळकन जातो आणि धक्क्यांनी सैल होतो.

८-३२ आणि एम ४ × ०.७ (म्हणजे ०.७ मिमी पिचचा) यांचंही तसंच. एम ४ बारीक असल्याने ८-३२च्या नटात काही आटे जातो, मग अडकतो. अडकला म्हणजे आवळला असं वाटतं, पण भाग दाबला गेलेला नसतो.

तिसरी जोडी सगळ्यांत कमी लोकांना ठाऊक आहे आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अमेरिकी ट्रकवर तिने पुष्कळांना छळलं आहे. इंचाकडून मेट्रिककडे जाण्याच्या त्या काळात एम ६.३ × १ असं एक माप वापरात आलं. पिच एम ६इतकीच, व्यास जवळजवळ पाव इंचाइतका. जुना बोल्ट हरवला म्हणून कुणी एम ६ लावतो. तो जातो, पण ढिला, दोन-तीनदा आवळला की आटे सोलतात. कुणी १/४-२० लावायला जातो; त्याची पिच १.२७ मिमी, तो दोन फेऱ्यांत अडतो आणि जोर केला की वेल्ड केलेला नटच आत तुटून फिरायला लागतो. ओळख अशी: दहा आटे बरोबर १० मिमी, पण व्यास ५.९ ऐवजी ६.२च्या आसपास. असा बोल्ट सापडला तर एम ६.३चाच मिळवा, त्याचे बोल्ट आणि टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, दोन्ही मिळतात. मिळाला नाहीच, तर बोल्ट आणि नट दोन्ही मिळून बदला. त्याच भोकात दुसरा टॅप चालवून जुन्या आट्यांवर आडवे आटे पाडू नका.

जपानी गाड्यांसाठी एक जादा गोष्ट. १९६०च्या दशकातल्या जपानी वाहनांवर बारीक स्क्रूंची पिच आजच्यापेक्षा वेगळी सापडते: एम ३ला ०.६, एम ४ला ०.७५, एम ५ला ०.९. नंतर ती आंतरराष्ट्रीय मापाला आली, ०.५, ०.७ आणि ०.८. डोक्यावर एक छोटा ठिपका कोरलेला दिसला तर तो नव्या पिचची खूण आहे. ठिपका नसेल तर गृहीत काही धरू नका, मोजा. एम ६ला मात्र हा प्रश्न येत नाही, त्याची पिच दोन्हीकडे १ मिमी.

खरेदीआधी शेवटची तपासणी: नवा स्क्रू जुन्या स्क्रूला चिकटवून उजेडासमोर धरा. आट्यांत आटे पूर्ण लांबीभर बसले आणि मध्ये उजेड दिसला नाही, तर पिच एकच. आणि बसवताना पहिले चार-पाच फेरे बोटांनीच.

पत्र्यात थेट जाणारे स्क्रू

दाराचं पॅनल, डॅशबोर्डखालच्या पट्ट्या, दिव्यांच्या कड्या, मडगार्डची आतली अस्तरं ही सगळी पत्र्यात स्वतःच आटे पाडणाऱ्या स्क्रूंनी धरलेली असतात. सैल होण्याच्या सर्वांत जास्त तक्रारी यांच्याच.

जुन्या गाड्यांवर 'ए' प्रकारचे पत्र्याचे स्क्रू असतात: टोकदार, आटे विरळ. आज जवळपास सगळीकडे मिळतात ते 'एबी' प्रकारचे: टोकदारच, पण आटे दाट. ८ नंबरचा 'ए' इंचामागे १५ आट्यांचा, 'एबी' १८ आट्यांचा. १० नंबरला १२ आणि १६. १४ नंबरला १० आणि १४. डोकं तेच, व्यास तोच, लांबी तीच, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण पत्र्याच्या भोकाच्या कडेला जुन्या विरळ आट्याच्या मापाने मुरड पडलेली असते. दाट आट्यांचा स्क्रू त्या मुरडीत बसत नाही, ती कापून स्वतःची नवी वाट काढतो. पातळ पत्र्यात असं एक-दोनदा झालं की धरायला काही उरतच नाही. माझ्या मते 'बरोबर मापाचा स्क्रू लावूनही सैल' या कोड्याचं सर्वांत मोठं उत्तर हेच आहे, आणि बहुतेक जण मात्र भोक मोठं झालं असं म्हणून जाडा स्क्रू ठोकतात.

म्हणून जुन्या स्क्रूचे आटे मोजा. 'ए' असेल तर 'ए'च शोधा. जुन्या गाड्यांच्या ट्रिमसाठी, म्हणजे शोभेच्या पट्ट्या-पॅनलांसाठी, ते अजून बनतात. बोथट टोकाचा जुना स्क्रू निघाला तर तो 'बी' प्रकार, त्याचे आटे 'एबी'सारखेच, फक्त टोक वेगळं. मागे वायरिंग असेल तर बोथटच परत लावा. मेट्रिक नावांनी गोंधळू नका: ४.२ × १.४१ म्हणजे ८-१८, ४.८ × १.५९ म्हणजे १०-१६, ६.३ × १.८१ म्हणजे १४-१४. वेगळी नावं, स्क्रू एकच.

भोकात जुने आटे शाबूत असतील तर स्क्रू लावताना आधी हळूच उलटा फिरवा. एका जागी तो किंचित खाली बसल्याचं बोटांना जाणवतं. तिथून सुलटा आवळा. जुन्याच वाटेने जाईल.

भोक खरोखरच मोठं झालं असेल तर पुढच्या नंबरचा स्क्रू हा तात्पुरता उपाय आहे, कारण पुढच्या वेळी त्याच्याही पुढचा लागणार. स्प्रिंगच्या पोलादाचा क्लिप नट, म्हणजे पत्र्याच्या कडेवर सरकवून बसवायचा यू किंवा जे आकाराचा नट, हा कायमचा उपाय. तो घेताना तीन गोष्टी लागतात: स्क्रूचं माप, पत्र्याची जाडी आणि कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. हे तिसरं माप लोक विसरतात आणि मग नटाचं भोक पत्र्याच्या भोकासमोर येत नाही.

टेललाइट आणि हेडलाइटच्या आसपास चौकोनी भोकात नायलॉनचे नट दाबून बसवलेले असतात. उन्हाने आणि वयाने ते ठिसूळ होतात. स्क्रू नुसता फिरत राहतो, निघतही नाही आणि बसतही नाही, तेव्हा बहुधा हा नट आत फुटलेला असतो. डोक्याखाली पातळ पातं घालून स्क्रू बाहेरच्या बाजूला ताणत फिरवा, तो निघेल. नवे नट भोकाची बाजू मोजून घ्या.

दिव्याच्या काचेचे स्क्रू कधीही मशीनने आवळू नका. प्लास्टिक तडकतं, तडकलेलं प्लास्टिक दाब धरत नाही, स्क्रू सैल होतो, आणि आपण स्क्रूलाच दोष देत राहतो. गॅस्केट कडक झालं असेल तर तेही बदला, कारण स्क्रूला ताणून धरणारी लवचीकता त्यातूनच येते.

आणखी एक. जुन्या पिकअपवर दिव्याची अर्थिंग पुष्कळदा त्याच्या घरातून आणि स्क्रूमधून बॉडीला जाते. काही स्क्रूंच्या डोक्याखाली दातेरी वॉशर अडकवलेला असतो, तो रंग खरवडून धातूला धातू भिडवण्यासाठी. त्या जागी साधा वॉशर किंवा ताज्या रंगावर नवा स्क्रू लावला की दिवा मंद होतो किंवा मिचमिचतो. बल्ब आणि वायर तपासत बसण्याआधी तो दातेरी वॉशर परत आला आहे का ते बघा.

डोक्याखालचा उतार

खोलगट भोकात बसणाऱ्या स्क्रूचा उतार इंची मापात ८२ अंश असतो आणि मेट्रिकमध्ये ९० अंश. ८२ अंशांच्या बैठकीत ९० अंशांचं डोकं फक्त वरच्या कडेवर टेकतं. वरून एकदम सपाट दिसतं, पण धरलेलं असतं एका बारीक वर्तुळावर. बिजागरीच्या स्क्रूला हे अजिबात चालत नाही. तो सुटत राहतो आणि दार खाली येतं.

ट्रिमचे स्क्रू आणखी वेगळे. ८ नंबरच्या स्क्रूवर मुद्दाम ६ नंबरचं लहान डोकं दिलेलं असतं, म्हणजे पट्टीच्या छोट्या बैठकीत ते पूर्ण उतरावं. साधा ८ नंबरचा स्क्रू आणलात तर डोकं वर राहतं, पट्टी दबत नाही, खडखडते. पाकिटावर डोक्याचं माप वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा.

लांबी मोजताना खोलगट डोक्याचा स्क्रू डोक्यासकट मोजायचा, वर घुमट असेल तर घुमट सोडून कडेपर्यंत. वर राहणाऱ्या डोक्याचा स्क्रू डोक्याखालून मोजायचा. बंद तळाच्या भोकात जास्त लांब स्क्रू तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि भाग मात्र सैलच राहतो.

स्टेनलेस लावायचा मोह होतो. आतल्या ट्रिमला जरूर लावा. ॲल्युमिनियमच्या पट्टीला, विशेषतः मिठाच्या पाण्याशी संबंध येणाऱ्या गाडीवर, तो लावलात तर स्क्रू टिकेल आणि पट्टी त्याच्याभोवती खाल्ली जाईल. जस्ताचा मुलामा असलेला पोलादी स्क्रू तिथे बरा.

बिजागरी, स्ट्रायकर आणि सीटबेल्ट

इथे दिसण्यावर जाऊन चालत नाही, कारण हे स्क्रू माणसाला गाडीत धरून ठेवतात. इंची बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा म्हणजे मजबुतीची ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, रेघच नाही म्हणजे साधा. मेट्रिकवर ८.८ किंवा १०.९ लिहिलेलं असतं. टॉर्क्स किंवा फिलिप्स डोक्याच्या बोल्टवर खुणेला जागा नसते, म्हणून तिथे मूळ भाग क्रमांकाचा किंवा त्याच कामासाठी बनवलेलाच बोल्ट घ्या. साधा स्टेनलेस इथे नको.

स्ट्रायकर काढण्याआधी त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढा. मागची आट्यांची पट्टी सरकती असते, आणि रेघ नसेल तर दार जुळवण्यात वेळ जातो. बिजागरीचे स्क्रू बदलताना दाराखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार द्या आणि एका वेळी एकच स्क्रू काढा.

सीटबेल्टचे अँकर बोल्ट ७/१६-२० मापाचे असतात, आणि गंमत म्हणजे पूर्ण मेट्रिक असलेल्या जपानी पिकअपवरही बहुतेक हेच इंची माप सापडतं. त्यामुळे बाकी सगळे बोल्ट मेट्रिक निघाले म्हणून इथे एम ११ किंवा एम १२ घालून बघू नका. ७/१६ म्हणजे ११.१ मिमी, पिच १.२७ मिमी. भोकात गंज किंवा रंग असेल तर ७/१६-२०चा टॅप हाताने चालवून फक्त साफ करा. आटे गेले असतील तर जाडा बोल्ट किंवा क्लिप नट हा उपाय नाही. अँकरची जाड पट्टी वेल्डिंग जाणणाऱ्याकडून नवी बसवून घ्या.

आवळताना टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने पिळलं ते दाखवणारा पाना, आणि त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा वापरा. तिथे वेगळं काही लिहिलं नसेल तर आकडा कोरड्या आट्यांसाठी धरा. आट्यांना ग्रीस किंवा ॲन्टी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) लावलंत तर तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर पुष्कळ जास्त ताण येतो, म्हणून या जागी आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा, आणि कंपनीने नव्या बोल्टच्या आट्यांवर आधीच लॉकिंगचा थर दिला असेल तर तो पुसू नका.